अंगणातलं भांडवल

"तुमचं भांडवल किती आहे?" सभागृहाच्या सचिवांनी विचारलं.

"आता नेमकं नाही सांगता यायचं," आत्या म्हणाली. "निम्मं बाहेर आहे."

सचिवांचा चेहरा खुलला. बाहेर म्हणजे कुठेतरी चांगल्या व्याजाने लावलेलं असणार, असा त्यांचा समज झाला. "कुठे कुठे आहे?"

"शाळेत आहे. दवाखान्यात बरंच आहे. छापखान्यात थोडं. सायकलवाल्याकडे एक परात आहे."

"परात?"

"मोठी. काठ जरा चेपलाय."

सचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या शेजारी सभागृहाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य आचारी बसल्या होत्या. दणकट, पिकल्या केसांच्या बाई. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"बाई, मी भांडवल विचारतोय," सचिव सावकाश म्हणाले, "म्हणजे बँकेत किती आहे?"

आत्याने आठवून पाहिलं. "बँकेत चहाची दोन पातेली. गेल्या वर्षी नेली, अजून परत नाहीत. एवढी मोठी बँक, पण लाज म्हणून नाही!"

यात आत्याची काही चूक नव्हती. आमच्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. बाबा आणि आत्या, दोघे भाऊ-बहीण, मोठ्या स्वयंपाकाची भांडी भाड्याने देत. हंडे, पातेली, पराती, कढया, डाव, झारे, पाण्याची पिंपं. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा मला वाढवलं ते या दोघांनी आणि त्या भांड्यांनी. "वरचं भांडवल खाली काढ", "भांडवलाला पोचा पडलाय", "आज सगळं भांडवल बाहेर गेलं, आता बसा पाय पसरून" अशी वाक्यं ऐकत मी मोठी झाले. शाळेत बाईंनी भांडवल म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि "जे राखेने घासतात ते" असं ठणकावून सांगितलं.

पुढे मी भाषा शिकवायला लागले. एकदा सुट्टीत कोश घेऊनच बाबांसमोर बसले. जुन्या भाषेत भाण्ड म्हणजे नुसतं भांडं नव्हे, तर व्यापाऱ्याच्या गाठीचा सगळा माल. त्याला मूल्य हा शब्द जोडला गेला, आणि तोंडातोंडी झिजत झिजत त्याचा एवढासा 'वल' उरला, असं अभ्यासकांचं एक मत आहे, असं मी त्यांना वाचून दाखवलं. बाबांनी हातातलं तपेलं खाली न ठेवता ऐकून घेतलं.

"पटतं," ते म्हणाले. "बूड झिजायचंच. भांडं राहिलं ना पुढे?"

"आणि भांडण?" आत्याने आतून विचारलं. "तेही यातलंच असणार. दोन भांडी एका जागी आली की वाजतातच."

"नाही आत्या. भांडण वेगळ्या धातूचं आहे."

"कुठल्या? जस्ताच्या?"

व्याकरणात शब्दाच्या मुळालाही धातू म्हणतात, हे मला सांगताच आलं नाही. बाबा हसता हसता तपेल्यावरच आडवे झाले होते. त्यानंतर मी कॉलेजातून आले की ते विचारायचे, "आज कुठला धातू?"

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. आमचं दुकान ज्या रांगेत होतं ती रांग महिनाअखेर पाडायची ठरली होती. एवढी भांडी ठेवायला जागा नाही. मोडवाला येऊन दुकानात उभ्याउभ्याच फळ्यांवरून नजर फिरवून गेला; भांडी त्याने डोळ्यांनीच तोलली. समोरचं सभागृह नव्याने बांधून झालं होतं. त्याच्या तळघरात एक कोरडी, लांबलचक खोली होती. ज्याला सभागृहाच्या भांड्यांचा मक्ता मिळेल त्याला ती खोली मिळणार होती. म्हणजे मक्ता मिळाला तर भांडी तळघरात, नाही तर मोडीत. मधला रस्ता नव्हता. आत्या याविषयी काही बोलत नसे, पण हल्ली रोज एक हंडा घासायला घेऊन बसे, घासलेलाच पुन्हा.

मक्त्याला दुसरा अर्ज होता कागदीशेठचा. आमच्याच रस्त्यावर त्यांचं कागदी ताट-वाट्यांचं घाऊक दुकान. माणूस हुशार, बोलायला तिखट, आणि बँकेत पत भक्कम. भांडी त्यांच्याकडे एकही नव्हती. मक्ता मिळाला की घेणार होते.

सचिवांनी चष्मा परत चढवला. "माफ करा, पण समितीला भांडवल दाखवावं लागेल. नियमच आहे."

"मग दाखवू द्या की त्यांना," मुख्य आचारी खिडकीकडून वळल्या. "शनिवारी सकाळी इथे अंगणात मांडा. हजार माणसांचा स्वयंपाक होईल एवढं असेल, तर मला ते भांडवल चालतं. पैशाच्या थैलीला मी फोडणी देऊ शकत नाही."

सचिवांनी थोडा विचार केला. "शनिवारी नऊला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उपकार नव्हता, कुतूहल होतं.

घरी येताच आत्याने चपला काढायच्या आत बेत सांगितला. दुकानाच्या दाराला बाबांचा फोटो लावायचा, खाली लिहायचं: मालक वारले, भांडी आणून द्या. "संध्याकाळपर्यंत दुकान भरेल बघ."

"नाही," मी म्हणाले.

"का नाही?"

"बाबा गेल्याचं भांडवल करायचं नाही."

"अगं, भांडवलच तर गोळा करायचंय!"

"ते वेगळं, हे वेगळं."

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. भांडवल असणं, घालणं, उभं करणं, इथवर शब्द स्वच्छ असतो. पण दुःखाचं भांडवल करणं, आजाराचं भांडवल करणं, असं म्हटलं की तोच शब्द कळकतो. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवल्यासारखा.

कल्हईचं उदाहरण तिला पटलं. "बरं," ती म्हणाली. "फोटो नको. मग मागायची कशी?"

"दारोदार जाऊन. आमचं काही आहे का, एवढंच विचारायचं."

अडचण एकच होती. कोणतं भांडं कुठे आहे हे आम्हा दोघींना धड ठाऊक नव्हतं. बाबांनी कधी लिहून ठेवलं नाही. कोणी भांडं मागितलं की ते भांड्याकडे बघत, मग माणसाकडे बघत, आणि म्हणत, "ने. झालं की आण." झालं की आणणारे आणत. बाकीच्यांचं अजून व्हायचं होतं.

मी कॉलेजातून रजा घेतली आणि सायकल दुरुस्तीवाल्यापासून सुरुवात केली. तो आमच्या परातीत पाणी भरून ट्यूब दाबत बसला होता.

"आमची परात," मी म्हणाले.

"तुमचीच. हंडेवाले नाही आले?" या रस्त्यावर बाबांना हंडेवाले म्हणत.

"ते गेले."

"कुठे?"

त्याने वर पाहिलं आणि त्याला कळलं. त्याचे हात पाण्यातच थांबले. ट्यूबमधून बुडबुडे येत राहिले.

"मी दोनदा परत द्यायला आणली होती हो," तो म्हणाला. "दोन्ही वेळा म्हणाले, राहू दे, तुझ्याकडे तिला रोज अंघोळ तरी मिळते." त्याने परात रिकामी केली, गुडघ्यावर उलटी ठेवून पुसली आणि माझ्या हातात दिली. मग डोकं खाजवलं. "पण आता मी हवा कशात बघू?"

मी कोपऱ्यावरून त्याला प्लॅस्टिकचा टब आणून दिला.

पुढचे दिवस असेच गेले. छापखान्यात आमच्या पातेल्यात पुस्तकं चिकटवायची खळ शिजत होती. आत बोटभर जाड थर, वाळून दगड झालेला. शिंप्याकडे तपेल्यात कापड भिजत होतं. शाळेत दोन डाव तेवढे सापडले. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आमच्या दोन कढया चालू चुलीवर होत्या. तिथल्या आचाऱ्याने आतलं शिजेपर्यंत मला स्टुलावर बसवून ठेवलं. बँकेतल्या रोखपालाने मात्र पातेली कुलपात आहेत आणि किल्ली रजेवर आहे, असं सांगितलं.

आणि प्रत्येक ठिकाणी भांड्याबरोबर बाबांचं एखादं वाक्य मिळत होतं. ते मी मागितलेलं नसायचं. छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, "मी विचारलं, भाडं किती? तर म्हणाले, आधी शिजू दे." शिंपी म्हणाला, "माझ्या मुलीच्या लग्नाला मोठा हंडा दिला आणि स्वतः येऊन ढवळत बसले. जेवायला मात्र थांबले नाहीत." ही वाक्यं मी कधी ऐकली नव्हती. बाबा घरी आम्हाला जे सांगत नसत ते या रस्त्याला सांगून ठेवत होते. मी ती ऐकत होते, मान हलवत होते आणि भांडं उचलून पुढे जात होते. एखादं वाक्य जड गेलं की भांड्याचं वजन दुसऱ्या हातात घ्यायचे. जड भांड्याचा तेवढा उपयोग असतो.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानाच्या फळ्या बऱ्याच भरल्या. पण मोठे हंडे दोनच होते. हजारांच्या स्वयंपाकाला निदान सहा लागतात, हे मला लहानपणापासून पाठ आहे.

"लहान भांडी घासून मोठी होत नाहीत, आत्या," मी म्हणाले.

"घासून तर बघू," ती म्हणाली आणि छापखान्याची खळ खरवडायला बसली.

शनिवारी सकाळी आम्ही हातगाडीच्या खेपा करून सगळं सभागृहाच्या अंगणात नेलं. आत्याने मांडणी केली: पराती एकात एक, पातेल्यांची उतरंड, कढया ओळीने, डाव आणि झारे चादरीवर. ऊन पडलं तसं सगळं चमकायला लागलं. पण मोठ्या हंड्यांच्या जागी दोनच हंडे, आणि पुढे मोकळी फरशी.

मोडवालाही येऊन फाटकाशी उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

कागदीशेठ चहाचा पेला घेऊन अंगणात फिरत होते. "छान घासलंय," ते आत्याला म्हणाले. "मोडवाल्याला उजेड पडेल."

"तुमची ताटंही घासून आणायची की," आत्या म्हणाली. "की पाणी लागलं की रडतात?"

समितीतर्फे सचिव आले, मुख्य आचारी आल्या. आचारीबाईंनी उभ्या उभ्या एक नजर टाकली आणि त्यांची नजर मोकळ्या फरशीवर थांबली. त्या काय मोजताहेत ते मला समजलं. आता मी होऊन सांगावं, एवढंच जमलं म्हणावं, असं ठरवून मी पुढे झाले.

तेवढ्यात रस्त्यावरून सायकलची घंटी ऐकू आली. पुढे सायकल दुरुस्तीवाला, मागे बांधलेली गाडी, आणि गाडीवर उपडा घातलेला मोठा हंडा. "शाळेतला!" तो फाटकातूनच ओरडला. "पाण्याची टाकी म्हणून वापरत होते, मला कालच आठवलं!" त्याच्यामागे शाळेचा शिपाई दुसरा हंडा फरशीवरून घरंगळवत आला. मग छापखान्याची माणसं, शेजारच्या घरात सापडलेला आणखी एक हंडा घेऊन. मग शिंपी, आणि त्याच्यामागे दोन बायका मिळून एक पिंप उचलून आणत होत्या. त्यांना मी ओळखतही नव्हते.

दवाखान्याची माणसं सर्वांत शेवटी आली. त्यांनी त्यांच्याकडे राहिलेला आमचा हंडा स्ट्रेचरवर घालून आणला होता, वर पांढरी चादर टाकून. रस्त्यातली माणसं बाजूला होत होती. एका म्हाताऱ्यांनी तर टोपी काढली. फाटकात येऊन आचाऱ्याने चादर ओढली. "बाहेरून काळा आहे," तो म्हणाला, "म्हणून झाकला. आतून लखलखीत आहे."

मी कोणालाच निरोप दिला नव्हता. ज्यांच्या दारात मी गेले होते त्यांनी पुढच्या दारात सांगितलं होतं, आणि तिथून पुढच्या. मोठे हंडे मोजायची मला गरज पडली नाही. मोकळी फरशी दिसेनाशी झाली होती.

अंगणात गलका वाढला तसे कागदीशेठ पायरीवर चढले. त्यांचा आवाज मुळातच मोठा होता. "शाब्बास!" ते म्हणाले. "वडील गेल्याचं बरं भांडवल केलंत, बाई."

गलका बंद झाला. सायकलवाल्याने घंटीवरचा अंगठासुद्धा काढला. सगळे माझ्याकडे बघत होते. ज्या एका वाक्याला मी इतके दिवस भीत होते ते शेवटी उजेडात आलं होतं, आणि नवल म्हणजे मला त्याची आता भीती वाटली नाही.

"वडील गेल्याचं नव्हे, शेठ," मी म्हणाले. "वडिलांचं. हे त्यांनी जिवंतपणीच केलेलं आहे. आज आम्ही फक्त मांडलंय."

कोणीतरी एका परातीवर थाप मारली. मग दुसऱ्याने मारली.

"आणि जरा बेताने बोला," आत्या म्हणाली. "भांड्यांना कान असतात." तिने जवळच्या कढईचे दोन्ही कान धरून दाखवले. लोक हसले. कागदीशेठही हसले, हे मला त्यांच्याविषयी सांगितलंच पाहिजे.

सचिव हसले नाहीत. ते ओळींमधून चालत होते. "मला एक सांगा," ते माझ्यापाशी येऊन म्हणाले. "यातल्या निम्म्याची कुठेही नोंद नाही. उद्या हे लोकांकडे राहिलं, परत आलं नाही, तर? ज्याचा ठाव नाही त्याला भांडवल कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता. मी विचार करून उत्तर दिलं. "चार दिवसांपूर्वी यातलं निम्मं कुठे आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं. आम्ही नुसतं विचारलं. जे मागितल्यावर परत येतं त्यालाच आपण भांडवल म्हणतो ना? बँकेतही आपण त्याच भरवशावर ठेवतो."

मागे कोणीतरी खाकरलं. बँकेचे रोखपाल होते. त्यांनी कापडी पिशवीतून चहाची दोन पातेली काढून चादरीच्या कडेला हळूच ठेवली. "किल्ली सापडली," ते म्हणाले.

यावर मात्र सचिवांना हसू आवरलं नाही.

आता राहिल्या आचारीबाई. त्यांनी पदर खोचला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक भांडं बोटाच्या पेराने वाजवायच्या, कान लावायच्या, पुढे जायच्या. एक पातेलं बाजूला काढलं. त्याला बारीक चीर होती. दवाखान्याच्या हंड्यात त्यांनी डोकं घातलं आणि आतून "वा!" असा घुमलेला आवाज आला. मग उठून उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले.

"हजाराचं सहज होईल यात. बाराशेचं म्हणाल तर ओढाताण." त्या कागदीशेठकडे वळल्या. "शेठ, तुमचा बँकेचा कागद खरा आहे, मला शंका नाही. पण मला सोमवारी चूल पेटवायची आहे. कागद चुलीवर ठेवला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको."

सचिवांनी तिथेच, कढईच्या पालथ्या बुडावर कागद ठेवून सही केली. तळघराची खोली आणि पाच वर्षांचा मक्ता. "एक अट आहे," ते म्हणाले. "यापुढे कोणतं भांडं कुठे गेलं ते लिहायचं. प्राध्यापकबाईंनी लिहावं."

"लिहील की," आत्या म्हणाली. "तिला तेवढंच येतं."

"ताटं तरी माझी घ्याल?" कागदीशेठनी विचारलं.

"घेऊ," आत्या म्हणाली. "वापरून परत केली तर भाडं कमी लावाल का?"

मोडवाला फाटकाशीच होता. आत्याने त्याला हाक मारली. "नुसता बघतोस काय? तुझ्याइतका हंडा उचलणारा दुसरा कोण आहे इथे? ये, हात लाव."

तो आला. सगळेच आले. सभागृहाच्या अंगणापासून तळघरापर्यंत माणसांची रांग लागली आणि भांडी हातोहात खाली जाऊ लागली. शेवटी सर्वांत मोठा हंडा राहिला. एका बाजूने मोडवाला, दुसऱ्या बाजूने मी आणि आत्या. तळघराच्या उतारावर आमच्या बाजूचा हात सुटला. हंडा आडवा झाला, उतारावरून धडधडत गेला, खालच्या भिंतीवर आदळला, परत फिरला आणि स्वतःभोवती गोल गोल फिरत, वाजत वाजत थांबला. तेवढ्या बंद जागेत तो आवाज असा घुमला की वरच्या रस्त्यावरही माणसं थांबली असतील.

दीड महिना आम्ही दोघी घरात भांडी आवाज न करता ठेवत होतो. चमचासुद्धा टेकवून ठेवायचा, आपटायचा नाही. असं कोणी ठरवलं नव्हतं.

आत्या धावत खाली गेली, हंड्याभोवती फिरली, त्याला वरून खालून चाचपलं. "पोचा नाही!" ती तळघरातून ओरडली. "एकसुद्धा नाही!" आणि मग जवळचा डाव उचलून तिने हंड्यावर दणकन हाणला, पुन्हा हाणला, आणि मोठ्याने हसू लागली. मी उताराच्या तोंडाशी उभी होते. मला रडू येत होतं आणि मी हसत होते. मग मीही एक झारा उचलला आणि खाली गेले.